कांतोचा नकाशा कसा वाचायचा? पोकेमॉनच्या जगात हिंडण्यामागचं गणित

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेमबॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘पोकेमॉन ग्रीन’ हे दोन गेम विक्रीला आले. २०२६च्या फेब्रुवारीत त्याला ३० वर्षं पूर्ण झाली आणि त्या निमित्तानं पोकेमॉनची पुन्हा चर्चा सुरू झाली. आपल्याकडे बहुतेकांची पिकाचूशी ओळख झाली ती २००३पासून कार्टून नेटवर्कवर लागणाऱ्या मालिकेतून, नाहीतर डिसेंबर २०१६मध्ये भारतात आलेल्या ‘पोकेमॉन गो’मुळे. मूळ गेम मात्र फार थोड्यांनी खेळलाय. म्हणूनच मुलगा किंवा मुलगी तासभर एकाच जंगलात गोल गोल फिरताना दिसली की घरच्यांना कळत नाही, हे चाललंय तरी काय.

ते समजून घ्यायचं तर पात्रांपेक्षा नकाशाकडे बघावं लागतं. पहिल्या गेमचा प्रदेश आहे कांतो. नाव जपानच्या खऱ्या कांतो भागाचं, म्हणजे टोकियो आणि योकोहामाच्या परिसराचं. बाकी सगळं कल्पित. गेमचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोच्या उपनगरात किडे गोळा करत असत आणि त्याच नादातून हा खेळ सुचला. इथे आधार घेतलाय २००४च्या ‘फायररेड’ आणि ‘लीफग्रीन’ या सुधारित आवृत्त्यांचा. नकाशा तोच आहे आणि नवख्यांसाठी त्या मूळ गेमपेक्षा सोप्या आहेत.

## आधी चार शब्द

पोकेमॉन म्हणजे या जगातले प्राण्यांसारखे कल्पित जीव. ते पकडायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी लढवायचे, हा खेळ. गावांना जोडणाऱ्या वाटांना ‘रूट’ म्हणतात. कांतोत १० गावं-शहरं आणि २५ रूट आहेत. शहरातल्या लढतीच्या आखाड्याला ‘जिम’ म्हणतात. तिथल्या प्रमुखाला हरवलं की ‘बॅज’ मिळतो. असे बॅज आठ. चौथा शब्द ‘एचएम’. हे पोकेमॉनला शिकवायचं असं कसब असतं, जे लढतीबाहेर नकाशावरही चालतं: झुडूप तोडणं, पाण्यावरून जाणं, मोठा दगड ढकलणं, अंधारात उजेड पाडणं. बरोबर एका वेळी सहाच पोकेमॉन ठेवता येतात आणि प्रत्येकाला चारच कसबं येतात. बाकीचे पोकेमॉन संगणकातल्या पेट्यांत जातात.

सहा आणि चार हे आकडे लक्षात असू द्या. पुढची बरीचशी ओढाताण त्यांच्यामुळे होते.

## नकाशा नव्हे, कुलपांची साखळी

कांतो वरवर मोकळा दिसतो, पण सुरुवातीला जवळपास सगळा बंद असतो. पॅलेट टाऊन या छोट्या गावातून निघून रूट १ ओलांडला की विरिडियन शहर लागतं. तिथून उत्तरेला जाऊ पाहिलं तर एक म्हातारबाबा वाट अडवून बसलेले असतात. त्यांच्याशी लढता येत नाही, त्यांना वळसाही घालता येत नाही. दुकानात गेलं की दुकानदार पॅलेटमधले पोकेमॉनचे अभ्यासक प्रोफेसर ओक यांच्यासाठी एक पार्सल हातात देतो. ते पॅलेटला नेऊन पोचवलं की पोकेडेक्स, म्हणजे पोकेमॉनची नोंदवही, मिळते आणि वाट मोकळी होते. हे कांतोतलं पहिलं कुलूप. इथेच गेम एक सवय लावतो: पुढचं दार बंद असेल तर किल्ली बहुतेक वेळा मागे असते.

सगळ्या कुलपांची वर्गवारी केली तर तीन जाती निघतात.

पहिली जात माणसांची. प्युटर शहरातून पूर्वेला निघालं की एक मुलगा अडवतो आणि आधी तिथला जिमप्रमुख ब्रॉक याच्या जिमकडे नेतो. सेरुलियनमध्ये चोरी झालेल्या घराच्या दारात पोलीस उभा असतो. उत्तरेला रूट २५च्या टोकाशी राहणाऱ्या बिल या संशोधकाला भेटल्याशिवाय तो हलत नाही, आणि दक्षिणेची वाट त्या घरातूनच पुढे जाते. नकाशाच्या मधोमध असलेल्या सॅफ्रन शहराच्या चारही वेशींवर पहारेकरी आहेत. सेलाडॉनमधल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर आजीबाई चहा देतात, तो पहारेकऱ्याला दिला की शहर उघडतं.

दुसरी जात जमिनीची. झुडूप, पाणी, शिळा. झुडूप तोडायचं ‘कट’ हे एचएम व्हर्मिलियन बंदरातल्या एसएस अ‍ॅन जहाजाच्या कॅप्टनकडून मिळतं. ‘सर्फ’ मिळतं फ्युशियाच्या सफारी झोनमध्ये. पण एचएम हातात आलं म्हणजे काम झालं असं नाही, ते नकाशावर वापरायला ठरावीक बॅजही लागतो. ‘कट’ला सेरुलियनची जिमप्रमुख मिस्टी हिचा कॅस्केड बॅज, ‘सर्फ’ला फ्युशियाचा जिमप्रमुख कोगा याचा सोल बॅज. पाण्याकाठी उभं राहून ‘सर्फ शिकवलंय, तरी चालत का नाही?’ असा प्रश्न पडला, तर बहुतेक वेळा उत्तर हेच असतं.

तिसरी जात दृष्टीची, आणि या तिन्हींत सर्वांत कल्पक हीच. रॉक टनेल पूर्ण काळोखात आहे. वाट आहे, पण दिसत नाही. लॅव्हेंडरच्या पोकेमॉन टॉवरमध्ये भुतं अडवतात. सिल्फ स्कोप नावाचं यंत्र असल्याशिवाय ती नेमकी कोण आहेत हे कळतच नाही. ते यंत्र सेलाडॉनच्या गेम कॉर्नरखाली लपलेल्या टीम रॉकेट या गुन्हेगारी टोळीच्या अड्ड्यातून आणावं लागतं.

## एका उजेडासाठी एवढी पायपीट

रॉक टनेलचं उदाहरण जरा सविस्तर बघू, कारण सर्वाधिक नवखे इथेच वैतागतात.

लागतं ते ‘फ्लॅश’ हे एचएम. ते टनेलच्या आसपास कुठेच मिळत नाही. ते आहे पार मागे, रूट २वर, प्रोफेसर ओकच्या मदतनिसाकडे. आणि तो ते देतो पोकेडेक्समध्ये किमान १० जातींचे पोकेमॉन पकडल्याची नोंद असेल तरच. पण सेरुलियनहून आल्या वाटेनं मागे जाता येत नाही. रूट ४वर जमिनीचे बांध आहेत, त्यांवरून खाली उडी मारता येते, वर चढता येत नाही. मग जायचं कसं? व्हर्मिलियनच्या पूर्वेला, रूट ११वर, डिग्लेट्स केव्ह नावाची गुहा आहे. ती थेट रूट २वर, प्युटरच्या जवळ उघडते. बाहेर पडल्यावर ‘कट’नं झुडूप तोडत दक्षिणेकडे सरकलं की मदतनिसाचं घर.

या फेरीत गेम किती गोष्टी तपासतो ते पाहा. जहाजावर जाऊन ‘कट’ आणलंय का, १० जाती खरंच गोळा केल्यात का, की एकाच लाडक्या पोकेमॉनवर गाडी रेटलीय, आणि एरवी बिनकामाची वाटणारी गुहा लक्षात आहे का. ‘फ्लॅश’शिवायही टनेल पार होतो. भिंतीला धरून चाचपडत जायचं, पण त्यात दुप्पट चाल पडते आणि वाटेत हायकरांशी लढती होत राहतात. माझं मत स्पष्ट आहे: फेरी मारावी. पहिल्या दोन तासांत पाहिलेली वाट आणि आता हातात असलेली किल्ली एकत्र जुळते, तेव्हा कांतो पहिल्यांदा एकसंध प्रदेश वाटू लागतो.

म्हणून एक साधी शिस्त पाळा. वहीचं एक पान ठेवा आणि अडलेली प्रत्येक जागा लिहा: कुठे अडलो, कशामुळे. ‘रूट ९ – झुडूप’, ‘रूट १२ – झोपलेला स्नॉरलॅक्स’, ‘विरिडियन जिम – बंद’. शेवटची नोंद तर महत्त्वाचीच. गेमच्या दुसऱ्याच गावातलं हे जिम सात बॅज मिळवेपर्यंत बंद राहतं, आणि आठवा बॅज तिथेच असतो.

## गवतात नेमकं काय घडतं?

आता त्या गोल गोल फिरण्याकडे येऊ. उंच गवतात किंवा गुहेत टाकलेल्या पावलागणिक गेम मनातल्या मनात सोडत काढतो: पोकेमॉन दिसणार की नाही? दिसणार असं ठरलं तर कोणता, यासाठी दुसरी सोडत. दुसरी सोडत अशी समजा की त्या जागेच्या डब्यात १०० चिठ्ठ्या आहेत. चिठ्ठ्यांचे १२ गट असतात: २० आणि २०च्या दोन मोठ्या वाटण्या, १०च्या चार, ५च्या दोन, ४च्या दोन आणि १च्या दोन. प्रत्येक गटावर एका पोकेमॉनचं नाव लिहिलेलं असतं. एकाच पोकेमॉनचं नाव अनेक गटांवरही असू शकतं.

विरिडियन फॉरेस्टमध्ये पिकाचूच्या नावावर ५ चिठ्ठ्या आहेत. म्हणजे दर भेटीत ५ टक्के संधी. काढलेली चिठ्ठी डब्यात परत जाते, त्यामुळे ‘२० भेटींत नक्की दिसेल’ असं म्हणता येत नाही. १४ भेटींनंतर तो एकदा तरी दिसण्याची शक्यता निम्म्याच्या थोडी वर जाते, आणि ९० टक्क्यांवर पोचायला सुमारे ४५ भेटी लागतात. पंचविसाव्या भेटीतही पिकाचू दिसला नाही, तर काही बिघडलेलं नाही.

फेऱ्या कमी करायचा एक मार्ग आहे. ‘रिपेल’ फवारला की १०० पावलं, ‘सुपर रिपेल’नं २०० आणि ‘मॅक्स रिपेल’नं २५० पावलं जंगली पोकेमॉन दूर राहतात. पण सगळे नाही: तुमच्या रांगेत पहिल्या असलेल्या पोकेमॉनपेक्षा कमी लेव्हलचे (लेव्हल म्हणजे पोकेमॉनच्या ताकदीची पायरी), तेवढेच. म्हणून हव्या असलेल्या पोकेमॉनची लेव्हल तिथल्या बाकीच्यांपेक्षा जास्त असेल, तर नेमक्या त्याच लेव्हलचा पोकेमॉन पहिला ठेवून रिपेल फवारायचा. डब्यातल्या नको असलेल्या चिठ्ठ्या आपोआप बाद होतात.

## मग सगळा नशिबाचाच खेळ ना?

नाही. पोकेमॉन समोर आल्यावर तो पकडणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतं. प्रत्येक जातीला ३ ते २५५ या दरम्यानचा एक आकडा दिलेला आहे. जितका मोठा, तितका पकडायला सोपा. कॅटरपीचा २५५, पिकाचूचा १९०, स्नॉरलॅक्सचा २५, म्यूटूचा ३. पूर्ण शक्तीत असलेल्या पोकेमॉनवर साधा पोके बॉल, म्हणजे पकडायचा चेंडू, टाकला, तर या आकड्याचा एक तृतीयांशच धरला जातो. त्याची शक्ती जवळजवळ शून्यावर आणली की पूर्ण आकडा मिळतो, म्हणजे तिप्पट. झोपवला किंवा गोठवला तर त्याच्या दुप्पट. लकवा, विष किंवा भाजणं असेल तर दीडपट. ग्रेट बॉल दीडपट, अल्ट्रा बॉल दुप्पट. हा सगळा गुणाकार २५५नं भागला की त्या फेकीच्या यशाची शक्यता मिळते.

स्नॉरलॅक्सचं गणित करून पाहू. भरल्या शक्तीत साधा बॉल: सुमारे ३ टक्के. शक्ती अगदी कमी, झोपलेला आणि अल्ट्रा बॉल: १०० भागिले २५५, म्हणजे ३९ टक्के. तोच पोकेमॉन, तोच बॅकपॅक, पण संधी बारापट. नशीब म्हणतात ते उरलेल्या भागापुरतं.

इथे एक धोकाही आहे. संपूर्ण कांतोत स्नॉरलॅक्स दोनच आहेत, रूट १२ आणि रूट १६वर वाट अडवून झोपलेले, लेव्हल ३०चे. पोके फ्लूट वाजवून उठवल्यावर लढतीत तो बेशुद्ध पडला तर परत येत नाही. बासरी वाजवण्याआधी गेम सेव्ह करा. अ‍ॅब्राची गोष्ट उलटी: त्याला एकच कसब येतं, टेलिपोर्ट, आणि पहिल्याच संधीत तो पळून जातो. त्याला दमवायच्या फंदात पडू नका. दिसताक्षणी बॉल टाका. साध्या बॉलनं २६ टक्के संधी असते, आणि चुकलं तर गवतात तो पुन्हा भेटतो.

## उत्तर प्रश्नाच्या शेजारीच ठेवलेलं असतं

कांतो रचणाऱ्यांचं खरं कौतुक इथे वाटतं. प्रत्येक पोकेमॉनला अग्नी, पाणी, वीज, खडक असा ‘टाइप’ असतो, आणि कोणता टाइप कोणावर भारी हे ठरलेलं असतं. व्हर्मिलियनचा जिमप्रमुख लेफ्टनंट सर्ज विजेचे पोकेमॉन वापरतो. त्याचा रायचू लेव्हल २४चा. जमिनीच्या टाइपवर विजेचा काहीच परिणाम होत नाही. आणि शहराच्या कुशीलाच ती डिग्लेट्स केव्ह आहे, जिथे जमिनीच्या टाइपच्या डिग्लेट आणि डगट्रिओ यांच्याशिवाय दुसरं काही सापडतच नाही. कोणी सांगत नाही, पाटी लावत नाही. आजूबाजूला फिरलेल्याला उत्तर मिळतं, सरळ जिममध्ये घुसलेल्याला मार बसतो.

ब्रॉकचंही तसंच. त्याचे जिओड्यूड (लेव्हल १२) आणि ऑनिक्स (लेव्हल १४) खडक आणि जमीन अशा दुहेरी टाइपचे आहेत. सुरुवातीला तीन पोकेमॉनमधून एक निवडायचा असतो. त्यांतला बल्बासॉर किंवा स्क्वर्टल निवडला असेल तर गवत किंवा पाण्याचा मारा चौपट बसतो. चारमँडर निवडणाऱ्यांची मात्र कोंडी होते: आगीचा आणि साध्या ओरखड्याचा मारा खडकावर निम्माच लागतो. उपाय दोन आहेत. चारमँडरला लेव्हल १३पर्यंत न्या, त्याला ‘मेटल क्लॉ’ येतं. किंवा विरिडियन फॉरेस्टमध्ये कॅटरपी पकडा. तो लेव्हल ७ला मेटापॉड होतो आणि १०ला बटरफ्री, ज्याला ‘कन्फ्युजन’ येतं, आणि ब्रॉकच्या दोघांनाही ते झेपत नाही. हे जंगल ब्रॉकच्या शहराच्या अगदी दाराशी आहे.

पैशांतही असंच. सेलाडॉनच्या दुकानाच्या गच्चीवरच्या मशीनमध्ये ‘फ्रेश वॉटर’ २००ला मिळतं आणि ५० शक्ती भरून काढतं. तेवढंच काम करणारी ‘सुपर पोशन’ ७००ला पडते. गच्चीपर्यंत चढणाऱ्याचे प्रत्येक बाटलीमागे ५०० वाचतात.

## सफारी झोन: पहिली फेरी पकडण्यासाठी नाही

५०० भरायचे, ३० सफारी बॉल मिळतात आणि ६०० पावलं. इथे लढता येत नाही, फक्त खाऊ किंवा दगड टाकायचा आणि बॉल फेकायचा. नवखे पहिल्याच गवतात पकडायला लागतात आणि अर्ध्या वाटेत पावलं संपतात. पहिल्या फेरीत गवत टाळून थेट सर्वांत आतल्या भागात जा. तिथे वॉर्डनची हरवलेली सोन्याची कवळी पडलेली आहे आणि जवळच्या घरात ‘सर्फ’ मिळतं. कवळी फ्युशियात वॉर्डनला परत दिली की तो शिळा ढकलायचं ‘स्ट्रेंग्थ’ देतो. दोन्ही किल्ल्या एकाच फेरीत. नंतर निवांत परत या आणि मग चान्सी या दुर्मीळ पोकेमॉनच्या मागे लागा.

एचएमची आणखी एक अडचण: शिकवलेलं एचएम मनात आलं म्हणून विसरता येत नाही. चार कसबांपैकी एक जागा कायमची अडते. फ्युशियातलाच एक माणूस ते विसरायला लावतो, हे खरं. तरी आवडत्या लढवय्यावर ‘कट’ आणि ‘फ्लॅश’ लादण्यापेक्षा त्या कामांसाठी एखादा वेगळा पोकेमॉन बाळगलेला बरा.

## ही प्राण्यांची झुंज नाही का?

पालकांची ही शंका रास्त आहे. गेममध्ये लढतीत पोकेमॉन बेशुद्ध पडतात, मरत नाहीत; पोकेमॉन सेंटरमध्ये फुकटात बरे होतात. खलनायक आहे तो टीम रॉकेट, जो पोकेमॉनचा पैशासाठी वापर करतो, त्यांना चोरतो. पण मृत्यू या जगात नाही असं नाही. लॅव्हेंडरचा टॉवर ही पोकेमॉनची स्मशानभूमी आहे आणि तिथलं भूत निघतं क्युबोन या छोट्या पोकेमॉनची टीम रॉकेटच्या हातून मेलेली आई. लहान मूल खेळत असेल तर त्या भागात शेजारी बसावं. प्रश्न येतील, आणि त्यांना उत्तर देण्यासारखी ती जागा आहे.

पैशांचं म्हणाल, तर या गेममध्ये एकदा विकत घेतल्यावर आत काहीही खरेदी करावं लागत नाही. इथला पैसा लढती जिंकूनच येतो. मात्र सेलाडॉनच्या गेम कॉर्नरमध्ये नाणी टाकून खेळायची स्लॉट मशीन आहेत, आणि पोरिगॉन हा पोकेमॉन तिथल्याच बक्षिसांत मिळतो, ‘फायररेड’मध्ये ९,९९९ नाण्यांना. मशीनपुढे तासन्‌तास बसायची गरज नाही, गेममधल्या पैशांनी नाणी सरळ विकत घेता येतात. मुलांना तोच रस्ता दाखवा.

## गाइड उघडून खेळलं तर काय बिघडतं?

काही नाही, पण कशासाठी उघडतो हे ठरवावं. चिठ्ठ्यांचे आकडे, कोणत्या आवृत्तीत कोणता पोकेमॉन सापडतो, ही माहिती गाइडमधून घेतलेली चांगली, कारण गेम ती सांगतच नाही. एकान्स, ओडिश, ग्रोलिथ ‘फायररेड’मध्ये आहेत, ‘लीफग्रीन’च्या गवतात नाहीत, सँडश्रू, व्हल्पिक्स, बेलस्प्राउट यांचं उलट. कडाब्रा, मशोक, ग्रॅव्हलर, हाँटर हे तर दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल केल्याशिवाय पुढच्या रूपात जातच नाहीत. एकट्यानं नोंदवही पुरी होऊ नये, मित्राकडे जावं लागावं, अशीच रचना १९९६पासून मुद्दाम केलेली आहे. कुलपांची उत्तरं मात्र आधी वाचू नयेत. ती वाचली की कांतो फक्त कामांची यादी उरतो.

## चॅम्पियन झाल्यावर

आठ बॅज, मग व्हिक्टरी रोड ही गुहा, मग इंडिगो प्लॅटोवर सलग पाच लढती: लोरेलाय, ब्रुनो, अगाथा, लान्स आणि शेवटी तुमचा जुना प्रतिस्पर्धी, ज्याचा सर्वांत ताकदवान पोकेमॉन लेव्हल ६३चा असतो. मध्ये सेंटरला परतता येत नाही. पार्टी ५० ते ५५च्या लेव्हलला असली आणि औषधं भरपूर असली की जमतं.

तरीही सेरुलियनच्या पाण्यापलीकडची गुहा बंदच राहते. ती उघडायला ६० जाती पकडलेल्या असाव्या लागतात, मग ओक नोंदवही वाढवून देतात, आणि कांतोबाहेरच्या सेव्ही बेटांवर सेलिओ या माणसाला हवी असलेली दोन रत्नं शोधून द्यावी लागतात. गुहेच्या तळाशी लेव्हल ७०चा म्यूटू आहे. शक्ती अगदी कमी, झोपलेला आणि अल्ट्रा बॉल, इतकं करूनही एका फेकीला १२ भागिले २५५, म्हणजे ४.७ टक्के. १५ बॉलमध्ये निम्मी संधी. त्यामुळे सिल्फ कंपनीच्या अध्यक्षांनी दिलेला एकमेव मास्टर बॉल, जो कधीच चुकत नाही, तोवर वापरला नसेल तर तो इथे टाकावा. वापरून झाला असेल तर ४० अल्ट्रा बॉल घ्या, झोपवणारा एक पोकेमॉन बरोबर ठेवा आणि म्यूटूशी बोलण्याआधी सेव्ह करा.